ट्यूबरस स्क्लेरोसिस व स्वमग्नता : नांदेड-लातूरच्या संदर्भात निदानाचा इतिहास

ट्यूबरस स्क्लेरोसिस या दुर्मिळ जनुकीय विकारातील मुलांचे स्वमग्न वर्तन क्रिचली व अर्ल यांनी १९३२ मध्येच नोंदविले होते. कॅनर यांचा स्वमग्नतेवरील निबंध १९४३ चा. भारतात मात्र १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तिचा उल्लेख आला. नांदेडला १९८८ मध्ये व लातूरला २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, परंतु प्रमाणपत्रासाठी 'मतिमंद' हेच सदर उपलब्ध होते. त्यात आकडी व बौद्धिक मंदत्व नोंदले जाई. नजर न देणे, हाकेला ओ न देणे त्याच नावाखाली झाकले जाई. वास्तविक या विकारातील जवळजवळ निम्म्या मुलांत स्वमग्नता आढळते. स्वतंत्र सदर मिळण्यास २०१६ चा कायदा यावा लागला.