तीन गुणांची रेघ

बास्केटबॉलच्या मैदानावर कडीपासून ठरावीक अंतरावर एक कमानीसारखी रेघ असते. तिच्या आतून फेकलेला चेंडू जाळ्यात गेला तर दोन गुण, बाहेरून गेला तर तीन. ही रेघ खेळाच्या जन्मापासूनच असावी असे वाटते, पण तसे नाही. जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने १८९१ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी पीच फळांच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला. कॉलेजच्या खेळात ही रेघ सगळीकडे आली ती १९८६ च्या हंगामात. म्हणजे तब्बल ९५ वर्षांनी!

कल्पना मात्र जुनी. हॉवर्ड हॉब्सन नावाचे एक प्रशिक्षक होते. कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेचे पहिले विजेतेपद १९३९ साली त्यांच्याच ओरेगॉन संघाने मिळवले. कोणी कुठून फेकले आणि किती लागले याची हे गृहस्थ कागदावर नोंद ठेवत. (असा माणूस मला फार आवडतो!) त्यांच्या आग्रहाने ७ फेब्रुवारी १९४५ रोजी कोलंबिया आणि फोर्डहॅम यांच्यात २१ फुटांवर रेघ आखून एक सामना झाला. विचार सरळ होता. उंच मुले कडीखाली ठाण मांडतात, सगळी गर्दी तिथेच होते. लांबच्या फेकीला जादा मोल दिले तर खेळ पसरेल आणि बुटक्या नेमबाजालाही काही काम उरेल. प्रयोग झाला आणि विसरलाही गेला. पुढे १९६१ आणि १९६७ साली निघालेल्या दोन नव्या व्यावसायिक लीगनी ही रेघ घेतली. मोठ्या एनबीएने ती १९७९ मध्ये घेतली.

कॉलेजवाले अजून तयार नव्हते. १९८० मध्ये सदर्न कॉन्फरन्स या एका गटाने परवानगी काढून २२ फुटांवर रेघ आखली आणि २९ नोव्हेंबरला वेस्टर्न कॅरोलायनाच्या रॉनी कारने कॉलेजच्या खेळातली पहिली तीनची फेक लावली. तेव्हा कॉलेजच्या खेळाचे दुखणे वेगळेच होते. फेकीला वेळेचे बंधन नव्हते, त्यामुळे आघाडीवरचा संघ चेंडू नुसता इकडून तिकडे फिरवत बसे. १९८२ मध्ये नॉर्थ कॅरोलायना आणि व्हर्जिनिया या दोन बलाढ्य संघांचा एका गटाचा अंतिम सामना ४७-४५ असा संपला. प्रेक्षक कंटाळणार नाहीत तर काय! मग १९८५ मध्ये ४५ सेकंदांचे बंधन आले आणि पुढच्याच वर्षी १९ फूट ९ इंचांवर रेघ. ती आणण्यात एड स्टाइट्झ यांचा मोठा वाटा होता. गंमत म्हणजे हे नेस्मिथच्याच स्प्रिंगफील्डच्या कॉलेजातले.

बऱ्याच प्रशिक्षकांना हे पसंत नव्हते. इंडियानाचे बॉब नाइट उघड विरोधक. उलट प्रॉव्हिडन्सचे तरुण प्रशिक्षक रिक पिटिनो यांनी रेघ दिसताच हिशेब मांडला. ते येण्यापूर्वीच्या हंगामात हा संघ ११ सामने जिंकला होता आणि २० हरला होता. लांबच्या फेकींच्या जोरावर तोच १९८७ मध्ये शेवटच्या चारांत पोहोचला! तिथे सिराक्यूजने त्यांना हरवले. ३० मार्चला न्यू ऑर्लिन्सच्या अंतिम सामन्यात मात्र इंडियानाने सिराक्यूजला ७४-७३ असे नमवले. इंडियानाच्या स्टीव्ह अल्फर्डने लांबून दहा फेकी केल्या, सात लावल्या. म्हणजे सात जादा गुण, आणि विजय एका गुणाचा. विरोध करणाऱ्याच्याच पदरात रेघेने पहिल्या वर्षी विजेतेपद टाकले.

पिटिनोंचा हिशेब सहावीतल्या मुलालाही जमेल. दोनच्या शंभर फेकींतल्या निम्म्या लागल्या तर शंभर गुण. तीनच्या शंभरातल्या एक-तृतीयांश लागल्या तरी तेवढेच. खरी गोम पुढे आहे. एका सामन्यात शंभर फेकी नसतात, वीस-पंचवीस असतात. त्यात कधी बारा लागतात, कधी चारच. लांबच्या फेकीत हा चढउतार जास्त. बलवान संघाला चढउतार नकोच असतो, कारण सरळ खेळला तरी तो बहुधा जिंकतो. दुबळ्याला मात्र तोच हवा.

इंटरनेटवर कॉलेज बास्केटबॉलचे खेळ आहेत, त्यात आपण फक्त प्रशिक्षक व्हायचे. कोणी लांबून किती फेकावे हे आपण सांगायचे, सामना संगणक खेळवणार. माझा नातू असा संघ चालवतो आणि समोर कोणीही असो, सगळ्यांना रेघेबाहेरून फेकायला लावतो. मी म्हटले, "अरे, समोरचा कच्चा असताना जुगार कशाला? आणि शंभरात पंचवीसच लावणाऱ्याला तिथून फेकायला सांगून पंचाहत्तर गुणांवर समाधान मानायचे?" तो म्हणाला, "आजोबा, पण समोरचे त्याला अडवायला बाहेर येतात, मग आत जागा होते." हेही खरे आहे. हॉब्सनना हेच हवे होते.

दुबळ्याच्या जुगाराचे उदाहरण १६ मार्च २०१८ चे. यूएमबीसी हा मेरिलँडमधला सोळावे मानांकन मिळालेला संघ. समोर पहिल्या मानांकनाचा व्हर्जिनिया. पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत अशा जोडीत सोळावा कधीच जिंकला नव्हता. यूएमबीसीने लांबून २४ फेकी केल्या, १२ लागल्या आणि ७४-५४ असा निकाल लागला. पण याचे टोकही आहे. आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजची पद्धतच पळत सुटायचे आणि लांबून फेकत राहायचे अशी. २०१२ मध्ये त्यांच्या जॅक टेलरने एका सामन्यात १३८ गुण केले. त्यासाठी रेघेबाहेरून एकट्याने ७१ फेकी! बाकीच्या चौघांनी काय केले असेल कोण जाणे. मला तो विक्रम वाटतो, सामना वाटत नाही.

पुरुषांच्या खेळात रेघ २००८ मध्ये एक फुटाने मागे सरकली. २०१९ मध्ये आणखी मागे गेली, २२ फूट पावणेदोन इंचांवर. मुलींनीही २०२१ पासून तेच अंतर घेतले. आणि २०१९ चे पुरुषांचे विजेतेपद कोणाचे? यूएमबीसीकडून हरलेल्या त्याच व्हर्जिनियाचे.