पायथन आवृत्ती-संक्रमण, डेबियनमधील

डेबियन या लिनक्स वितरणातील पायथन भाषेची जुनी आवृत्ती टप्प्याटप्प्याने काढून तिच्या जागी नवी बसवण्याची प्रक्रिया. एकट्या संगणकावर नवे पायथन घेणे काही मिनिटांचे काम असते. वितरणात मात्र त्याच इंटरप्रिटरवर हजारो पॅकेजे अवलंबून असतात. सी भाषेतील एक्स्टेन्शन मॉड्यूल सहसा ज्या आवृत्तीसाठी कंपाइल केले, तिच्यावरच चालते. निव्वळ पायथनमधील कोडलाही अभय नाही: ३.१२ मधून पॅकेज-बांधणीचे डिस्टयुटिल्स मॉड्यूल वगळले गेले, तेव्हा त्यावर विसंबलेल्या बांधणीच्या स्क्रिप्ट बंद पडल्या. त्यामुळे नवी आवृत्ती आणण्यापेक्षा जुनी केव्हा काढायची, हा निर्णय अधिक कठीण ठरतो.

डेबियनची रीत तीन पायऱ्यांची आहे. आधी अनस्टेबल शाखेत नवी आवृत्ती समर्थित म्हणून दाखल होते, पण मुख्य मान जुनीलाच राहतो. एक्स्टेन्शन पॅकेजे दोन्ही आवृत्त्यांसाठी पुन्हा बांधली जातात आणि अडखळणाऱ्या पॅकेजांवर बग नोंदवले जातात. पुरेशी दुरुस्ती झाली की नवी आवृत्ती मुख्य होते आणि शेवटी जुनी काढली जाते. या क्रमाचा फायदा असा, की मोडतोड वापरकर्त्यापर्यंत पोचण्याआधीच देखभाल करणाऱ्यांना दिसते.

मग दोन्ही आवृत्त्या कायमच का ठेवू नयेत? पायथन २ चा इतिहास याचे उत्तर देतो. जुन्या कोडशी सुसंगत नसलेले ३.० डिसेंबर २००८ मध्ये आले. २.७ चे समर्थन २०१५ मध्ये थांबायचे होते. २०१४ मध्ये ती मुदत २०२० पर्यंत वाढवली गेली. तोवर डेबियनला असंख्य लायब्ररी दुहेरी सांभाळाव्या लागल्या. मूळ प्रकल्पाने हात काढून घेतल्यावर सुरक्षेचा भारही वितरणावरच पडला असता. डेबियन ११ मध्ये (२०२१) २.७ मोजक्या पॅकेजांच्या बांधणीपुरते उरले आणि डेबियन १२ मधून (२०२३) ते गेले. सहअस्तित्व हवे, पण मुदतीचे.

उलट, एका फटक्यात बदल करावा असेही कोणी म्हणेल. आर्च लिनक्सने २०१० मध्येच ‘पायथन’ हा आदेश पायथन ३ कडे वळवला. त्या नावाखाली पायथन २ गृहीत धरणाऱ्या स्क्रिप्ट दुरुस्त करणे भाग पडले. डेबियन ११ ने ते नाव आपणहून कोणत्याच आवृत्तीला दिले नाही. ज्याला हवे त्याने वेगळे पॅकेज बसवून ते पायथन ३ ला जोडावे, अशी सोय ठेवली. तिसरा आक्षेप असा, की व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट आणि कंटेनर असताना वितरणाच्या पायथनची गरजच काय? ॲप्लिकेशन लिहिणाऱ्यापुरते हे खरे आहे. डेबियन १२ स्वतःच पिप या पॅकेज बसवणाऱ्या साधनाला सिस्टिमच्या पायथनमध्ये परस्पर पॅकेजे बसवू देत नाही. पण वितरणाची स्वतःची कित्येक साधने पायथनमध्ये आहेत, आणि एका पॅकेजमधील सुरक्षा-दुरुस्ती त्या सर्वांना एकदम लागू पडते. कंटेनर मात्र एकेक करून नव्याने बांधावे लागतात.

पायथनची नवी आवृत्ती आता दरवर्षी येते, तर डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी. म्हणून डेबियन ११ मध्ये ३.९, १२ मध्ये ३.११ आणि १३ मध्ये ३.१३ आहे: प्रत्येक स्थिर आवृत्तीत पायथन ३ ची एकच आवृत्ती.