नवोदित क्रिकेट संघांची भारतातील शाळा : पुण्यापासून ग्रेटर नोएडापर्यंत

गाझियाबाद : सप्टेंबर २०२४ मध्ये येथून तासाभराच्या अंतरावरील ग्रेटर नोएडाच्या मैदानावर अफगाणिस्तान आणि न्यूझीलंड यांच्यातील एकमेव कसोटी सामना एकही चेंडू न टाकता रद्द झाला. ९ ते १३ सप्टेंबर या पाच दिवसांत नाणेफेकही होऊ शकली नाही. पहिले दोन दिवस खेळाच्या वेळेत पाऊस जवळपास नव्हता, पण आधीच्या पावसाने भिजलेले मैदान वाळेना. ते वाळवण्यासाठी विजेचे पंखे लावल्याची छायाचित्रे जगभर पाहिली गेली. पुढचे तीन दिवस पावसाने घेतले. कसोटीच्या इतिहासात चेंडूविना रद्द झालेला हा आठवा सामना, १९९८ नंतरचा पहिला आणि भारतातीलही पहिलाच.

या नामुष्कीची चर्चा बहुतांशी मैदानाच्या निचरा व्यवस्थेभोवती फिरली. त्यामागचा प्रश्न मात्र जुना आहे. स्वतःच्या देशात पुरेसे क्रिकेट नसलेल्या संघाने मोठ्या संघांच्या बरोबरीला यायचे कसे? गेल्या सत्तर वर्षांत अशा अनेक संघांनी त्याचे उत्तर भारतात शोधले. काहींना येथे मैदान मिळाले, तर काहींना तगडे प्रतिस्पर्धी. या दोन गोष्टी एकच नव्हेत.

ग्रेटर नोएडा ज्या गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात येते, तो १९९७ मध्ये गाझियाबाद आणि बुलंदशहर या जिल्ह्यांचे भाग काढून तयार झाला. तेथील क्रीडा संकुलाला बिजोलिया शेतकरी आंदोलनाचे नेते शहीद विजयसिंह पथिक यांचे नाव आहे. भारतीय क्रिकेट नियामक मंडळ आणि अफगाणिस्तानचे मंडळ यांच्यात डिसेंबर २०१५ मध्ये करार झाला आणि शारजा सोडून अफगाण संघाने या संकुलाला आपले ‘घरचे’ मैदान केले. त्याच सुमारास संघाचे गोलंदाजी प्रशिक्षक म्हणून भारताचे माजी अष्टपैलू मनोज प्रभाकर यांची नेमणूक झाली. प्रभाकर यांचा जन्म गाझियाबादचाच.

या मैदानाचा सुवर्णकाळ मार्च २०१७ चा. मुंबईचे लालचंद राजपूत तेव्हा अफगाणिस्तानचे मुख्य प्रशिक्षक होते. आयर्लंडविरुद्धची ट्वेन्टी-२० मालिका त्यांच्या संघाने ३-० अशी, तर एकदिवसीय मालिका ३-२ अशी जिंकली. दुसऱ्या ट्वेन्टी-२० सामन्यात रशीद खानने दोन षटकांत ३ धावा देऊन ५ बळी घेतले. तिसऱ्यात मोहम्मद नबीने ३० चेंडूंत ८९ धावा कुटल्या. दुसरा एकदिवसीय सामना तर विलक्षणच म्हणावा लागेल : आयर्लंडच्या पॉल स्टर्लिंगने ५५ धावांत ६ बळी घेऊन पुन्हा ९५ धावा केल्या, तरी सामना अफगाणिस्तानने जिंकला, कारण रशीदने ४३ धावांत ६ गडी टिपले होते. त्याच वर्षी २२ जूनला आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने या दोन्ही देशांना पूर्ण सदस्यत्व आणि कसोटीचा दर्जा दिला.

अफगाण क्रिकेटचा भारताशी, विशेषतः महाराष्ट्राशी, संबंध त्याहून जुना आहे. पेशावरच्या निर्वासित छावण्यांत क्रिकेट शिकलेल्या पिढीचा हा संघ २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेचा संलग्न सदस्य झाला. सुरुवातीला तो पाकिस्तानच्या देशांतर्गत क्रिकेटच्या दुसऱ्या श्रेणीत खेळला. मार्च २००६ मध्ये मुंबईत त्याची गाठ लंडनच्या मेरिलबोन क्रिकेट क्लबच्या संघाशी पडली. इंग्लंडचे माजी कर्णधार माइक गॅटिंग त्या संघात होते. ते शून्यावर बाद झाले, नबीने ११६ धावा केल्या आणि अफगाणिस्तानने १७१ धावांनी सामना जिंकला. त्याच उन्हाळ्यात संघाला इंग्लंड दौऱ्याची संधी मिळाली आणि तेथील सातपैकी सहा सामने त्याने जिंकले. बरोबर दहा वर्षांनी, २७ मार्च २०१६ रोजी, नागपूरजवळील जामठा येथे याच संघाने ट्वेन्टी-२० विश्वचषकात वेस्ट इंडीजला ६ धावांनी हरवले. पुढे तो विश्वचषक वेस्ट इंडीजनेच जिंकला.

महाराष्ट्रात वेस्ट इंडीजला धक्का देणारा हा पहिला नवोदित संघ नव्हता. २९ फेब्रुवारी १९९६ रोजी पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर केनियाने १६६ धावा करून ब्रायन लाराचा समावेश असलेल्या वेस्ट इंडीज संघाला ९३ धावांत गुंडाळले होते. केनियाने १९९८ मध्ये ग्वाल्हेरला भारतालाही हरवले आणि २००३ च्या विश्वचषकात, मुंबईचे संदीप पाटील प्रशिक्षक असताना, थेट उपांत्य फेरी गाठली. मात्र २०१४ मध्ये या संघाने एकदिवसीय सामन्यांचा दर्जा गमावला. मंडळातील भांडणे, मानधनाचे वाद आणि मॉरिस ओडुंबेवरील बंदी ही त्यामागची कारणे सर्वश्रुत आहेत. त्यांच्याइतकेच महत्त्वाचे, पण कमी बोलले गेलेले कारण म्हणजे उपांत्य फेरीनंतर या संघाला बलवान प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध सातत्याने सामनेच मिळाले नाहीत. वर्षातून चार-दोन मोठे सामने आणि उरलेल्या काळात क्लब क्रिकेट, एवढ्यावर संघ टिकत नाही.

याउलट उदाहरण श्रीलंकेचे. तेव्हाचा सिलोन कसोटी खेळणारा देश नव्हता. १९५२-५३ च्या हंगामात मद्रास आणि सिलोन यांच्यात गोपालन करंडक सुरू झाला. क्रिकेट आणि हॉकी या दोन्ही खेळांत भारताचे प्रतिनिधित्व केलेल्या एम. जे. गोपालन यांच्या नावाने सुरू झालेली ही लढत सत्तरच्या दशकापर्यंत बहुतेक वर्षी होत राहिली. कधी मद्रासला, कधी कोलंबोला. प्रतिस्पर्धी होता रणजी करंडक खेळणारा एक प्रांतिक संघ, आणि हेच या व्यवस्थेचे बलस्थान होते. राष्ट्रीय संघाशी खेळून दोन दिवसांत चिरडले जाण्याऐवजी सिलोनच्या फलंदाजांना दरवर्षी प्रथम श्रेणीच्या अनुभवी फिरकीपटूंसमोर तासन्‌तास उभे राहावे लागे. जानेवारी १९६५ मध्ये सिलोनने अहमदाबादच्या अनधिकृत कसोटीत भारताला चार गडी राखून हरवले. कसोटी दर्जा मिळायला १९८१ उजाडले, पण तोवर हा संघ पाच दिवसांच्या खेळाला तयार होता.

असा मधला टप्पा नसला की काय होते, ते जून २०१८ मध्ये बंगळुरूला दिसले. अफगाणिस्तानची पहिलीच कसोटी भारताविरुद्ध झाली आणि दोन दिवसांत संपली. अफगाण संघ १०९ आणि १०३ धावांत बाद झाला. दुसऱ्या दिवशी एकाच दिवसात २४ गडी पडले. षटकांच्या क्रिकेटमध्ये जगाला चकित करणारा हा संघ पाच दिवसांच्या खेळात अनोळखी होता. दोष खेळाडूंच्या गुणवत्तेचा नव्हता. मार्च २०१९ मध्ये डेहराडूनला आयर्लंडला सात गडी राखून नमवत त्यांनी पहिला कसोटी विजय मिळवला, त्यात रहमत शाहने ९८ आणि ७६ धावा केल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लखनौला मात्र वेस्ट इंडीजच्या रहकीम कॉर्नवॉलने १० बळी घेऊन त्यांना पुन्हा जमिनीवर आणले. ग्रेटर नोएडा, डेहराडून, लखनौ अशी घरे बदलत गेली. त्या काळात अफगाण संघाला भारताने मैदाने दिली, सुविधा दिल्या, आयपीएलचे दारही उघडले. रणजी संघांशी चार दिवसांचे नियमित सामने तेवढे झाले नाहीत.

तसा प्रयोग भारतात झाला होता. दुलीप करंडकात २००४-०५ मध्ये बांगलादेश मंडळाच्या आणि २००५-०६ मध्ये झिम्बाब्वेच्या संघाला पाहुणा म्हणून प्रवेश मिळाला. इंग्लंड आणि श्रीलंकेचे ‘अ’ दर्जाचे संघही या स्पर्धेत खेळून गेले. नंतर ही प्रथा बंद पडली. दुसरीकडे सहयोगी देशांसाठीची चार दिवसांची इंटरकॉन्टिनेंटल कप स्पर्धा २०१७ नंतर झालीच नाही. अफगाणिस्तान या स्पर्धेचा शेवटचा विजेता. तेव्हापासून नेपाळ, नेदरलँड्स, ओमान यांसारख्या संघांसाठी दीर्घ स्वरूपाचे क्रिकेट जवळजवळ नाहीसेच झाले आहे. आज या संघांनी कसोटीचे स्वप्न पाहायचे, ते कोणत्या सरावावर, हा प्रश्न परिषदेने अनुत्तरित ठेवला आहे.

मर्यादित षटकांपुरते राज्य संघांचे दार मात्र अधूनमधून उघडते. ऑगस्ट २०२१ मध्ये अमोल मुझुमदार यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईचा संघच मस्कतला गेला आणि ट्वेन्टी-२० विश्वचषकापूर्वी ओमानला सराव मिळाला. ऑक्टोबरमध्ये ओमानने सलामीच्या सामन्यात पापुआ न्यू गिनीवर दहा गडी राखून मात केली. सप्टेंबर २०२३ मध्ये नेदरलँड्सने बंगळुरूजवळील अलूर येथे शिबिर घेतले. नेटमधील गोलंदाजांसाठी त्यांनी समाजमाध्यमांवर चक्क जाहिरात दिली. निवडलेल्यांत चेन्नईत घरोघरी खाद्यपदार्थ पोहोचवणारा एक तरुणही होता. कर्नाटकाविरुद्धच्या सराव सामन्यात डच संघाला पराभव पत्करावा लागला. पण महिनाभरात त्याच संघाने धरमशाला येथे दक्षिण आफ्रिकेला ३८ धावांनी आणि कोलकात्यात बांगलादेशला ८७ धावांनी हरवले. सारे श्रेय सराव सामन्यांना देता येणार नाही, तरी भारतीय खेळपट्ट्यांची ओळख त्यांना आधीच झाली होती, हे खरे.

नेपाळनेही हाच मार्ग धरला. मनोज प्रभाकर २०२२ मध्ये काही महिने त्यांचे मुख्य प्रशिक्षक होते. २०२४ च्या विश्वचषकापूर्वी नेपाळचा संघ पालघर जिल्ह्याच्या सीमेपासून जवळच असलेल्या वापी येथे आला आणि गुजरात व बडोदा यांच्याशी तिरंगी ट्वेन्टी-२० स्पर्धा खेळला. जूनमध्ये किंग्सटाउनला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध विजय अवघ्या एका धावेने हुकला. सप्टेंबर २०२५ मध्ये शारजात नेपाळने वेस्ट इंडीजला मालिकेत २-१ असे हरवले. पूर्ण सदस्य देशाविरुद्धचा हा त्यांचा पहिला मालिका विजय.

अडचण वेळापत्रकाची आहे. राज्य संघांचा हंगाम साधारण ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत रणजी, विजय हजारे आणि सय्यद मुश्ताक अली या स्पर्धांनी भरलेला असतो. एप्रिल-मेमध्ये आयपीएल आणि उन्हाचा तडाखा, जूनपासून पावसाळा. पाहुण्या संघांच्या वाट्याला मार्च-एप्रिलचे थोडे दिवस किंवा ऑगस्ट-सप्टेंबर उरतो. वापीचे सामने पहिल्या फटीत बसले, अलूरचे दुसऱ्या. ग्रेटर नोएडाची कसोटी या दुसऱ्या फटीतच ठेवली गेली होती.