उष्णतावाहक लेप

उष्णतावाहक लेप : संगणकाच्या प्रक्रियकाचा पृष्ठभाग व त्यावर घट्ट बसविलेल्या शीतकाचा तळ यांमधील सूक्ष्म फटी भरून काढण्यासाठी लावला जाणारा पातळ, चिकट लेप. बाजारात व दुरुस्तीच्या दुकानांत तो ‘थर्मल पेस्ट’ या नावाने, तर प्रक्रियक ‘प्रोसेसर’ व शीतक ‘कूलर’ या नावांनी ओळखले जातात.

तत्त्व : धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले, तरी सूक्ष्मदर्शकाखाली ते खडबडीत असतात. ते परस्परांना मोजक्या उंचवट्यांवरच टेकतात व उरलेल्या जागेत हवा राहते. तांब्याची उष्णता संवाहकता सु. ४०० वॉट प्रतिमीटर-केल्विन, तर हवेची केवळ ०·०२६ असते. लेपाची संवाहकता सामान्यतः १ ते १२, म्हणजे धातूच्या मानाने अगदी थोडी, पण हवेच्या सु. ४० ते ४६० पट असते. हवेला हटविणे हे लेपाचे कार्य होय; धातूची जागा घेणे हे नव्हे. म्हणूनच तो जितका पातळ तितका उपयुक्त ठरतो.

इतिहास : प्रारंभीच्या संगणकांत अशा लेपाची गरज नव्हती. १९४६ मध्ये अमेरिकेत कार्यान्वित झालेल्या ‘एनियाक’मध्ये सु. १८,००० निर्वात नलिका असून तो सु. १५० किलोवॉट शक्ती वापरी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये पूर्ण झालेला ‘टिफ्रॅक’ हा संगणकही निर्वात नलिकांचाच होता. त्यांची उष्णता पुष्कळ असली, तरी ती विस्तृत जागेत विखुरलेली असल्याने खेळती हवा पुरत असे. लेपाचा वापर रूढ झाला तो अधिक शक्तीच्या ट्रँझिस्टरांमुळे. ते धातूच्या पट्टीवर बसविताना मध्ये अभ्रकाची चकती ठेवीत व तिच्या दोन्ही बाजूंस झिंक ऑक्साइड मिसळलेले सिलिकोनचे वंगण लावीत. आजचा लेप हा त्याचाच वारस होय.

घरगुती व कार्यालयीन संगणकांचे आरंभीचे प्रक्रियक शीतकाशिवाय चालत. १९९३ च्या ‘पेंटियम’ची शक्ती १५ वॉटच्या आसपास गेल्यावर पंख्यासह शीतक आवश्यक ठरला आणि २००४ पर्यंत काही प्रक्रियकांनी १०० वॉटची मर्यादा ओलांडली. २०१२ मध्ये इंटेलने काही प्रक्रियकांत चिप व तिच्यावरील धातूचे झाकण यांमध्ये डाखाऐवजी लेप वापरला. तापमान वाढल्याची टीका झाली व कित्येक हौशी मंडळी झाकण काढून आतील लेप बदलू लागली. २०१८ मध्ये त्या कंपनीच्या काही प्रक्रियकांत डाख पुन्हा आला.

महाराष्ट्रातील संदर्भ : पुणे येथे १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) स्थापन झाले व १९९१ मध्ये त्याचा ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. पुण्यातीलच ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ मध्ये जगात चौथ्या क्रमांकावर होता. २०१९ मध्ये पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत बसविलेल्या ‘परम ब्रह्म’मध्ये प्रक्रियकाला भिडलेल्या पट्टीतून द्रव खेळविला जातो. अशा पट्टीखालीही उष्णतावाहक थर लागतोच.

महासंगणकास वातानुकूलित दालन लाभते. खेड्यातील संगणकास ते क्वचितच मिळते. २०११ मध्ये ‘संग्राम’ प्रकल्पाने ग्रामपंचायतींचा कारभार संगणकावर आणण्यास आरंभ झाला, पुढे आपले सरकार सेवा केंद्रे आली आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा मिळू लागला. परिणामी गावातील एखाद्या संगणकावर अनेकांची कामे अवलंबून राहू लागली. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे प्रसिद्ध असलेले शिरपूर जैन हे वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील गाव याचे उदाहरण म्हणून घेता येईल. या भागात उन्हाळ्यातील दुपारचे तापमान अनेकदा ४२° से.च्या वर जाते. पंख्याचा शीतक प्रक्रियकास खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही. त्यामुळे २५° से. तापमानाच्या खोलीत ७०° से.वर स्थिरावणारा प्रक्रियक ४२° से.च्या खोलीत ८७° से.च्या आसपास पोहोचतो. त्यात लेप सुकून आणखी १०–१५ अंशांची भर पडली, तर तो १००° से.च्या जवळ जातो व स्वसंरक्षणार्थ आपला वेग कमी करतो. दाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्यांस यंत्र मंद झाल्याचे तेवढे दिसते. पुष्कळदा बदलावयाचा असतो तो संगणक नव्हे, तर अल्प किमतीचा हा लेप.

निवड : झिंक ऑक्साइड, ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा बोरॉन नायट्राइड यांची पूड असलेले लेप विद्युत् निरोधक असल्याने सामान्य वापरास निर्धोक असतात. गॅलियमच्या द्रवरूप मिश्रधातूंची संवाहकता कित्येक पटींनी अधिक असते. परंतु ते विद्युत् संवाहक असून ॲल्युमिनियम पोखरतात. तापल्यावर मऊ होणाऱ्या घन पट्ट्या दीर्घकाळ टिकतात. वेष्टनावरील आकड्यांना मात्र मर्यादा आहे. ९ चौ. सेंमी. क्षेत्रातून १०० वॉट उष्णता जात असता ०·०५ मिमी. जाडीच्या थरामुळे संवाहकता १ असल्यास सु. ५·६ अंशांचा, ५ असल्यास सु. १·१ अंशांचा फरक पडतो. पुढे ती १० केली, तरी जेमतेम अर्धा अंश वाचतो. उलट संवाहकता ५ असलेला लेप ०·२ मिमी. जाड लावल्यास फरक सु. ४·४ अंश होतो. म्हणून महागड्या लेपापेक्षा पातळ थर व सारखा दाब यांना अधिक महत्त्व आहे. उष्ण प्रदेशात लवकर न सुकणारा व न ओघळणारा लेप निवडणे श्रेयस्कर.

पुनर्लेपन : वारंवार तापण्या-निवण्यामुळे लेप हळूहळू कडांकडे सरकतो व त्यातील तेल वेगळे होऊन तो कोरडा पडतो. शीतक एकदा उचलला, की थर तुटून हवा शिरते. त्यामुळे तोच लेप पुन्हा वापरू नये. काम सुरू करण्यापूर्वी वीजजोडणी काढतात. तत्पूर्वी संगणक थोडा वेळ चालविल्यास लेप मऊ होतो. शीतक सरळ न ओढता किंचित फिरवून सोडवितात. अन्यथा काही प्रकारचे प्रक्रियक खाचेतून उपटून येऊन त्यांच्या पिना वाकतात. जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहॉल व तंतू न सोडणारे कापड यांनी पुसून पृष्ठभाग कोरडा होऊ देतात. नंतर मध्यभागी वाटाण्याएवढा लेप ठेवून शीतक सरळ खाली दाबतात व स्क्रू तिरप्या जोड्यांनी थोडेथोडे आवळतात. शीतकाच्या पात्यांतील धूळही याच वेळी काढतात, कारण वाट बंद असलेल्या हवेपुढे उत्तम लेपाचाही उपयोग होत नाही. लेप बदलण्याचा ठराविक काळ नाही. खोलीचे तापमान व काम पूर्वीइतकेच असता प्रक्रियक अधिक तापू लागणे, ही त्याची विश्वसनीय खूण होय.