शितावरून भाताची परीक्षा



सात-आठ वर्षांच्या एखाद्या चुणचुणीत मुलाची बुद्धिचाचणी होते आणि निकालाचा कागद घरी येतो. समजा, त्यावर शब्दांचे अर्थ सांगण्याला १६ गुण आहेत आणि खुणा भराभर लिहून काढण्याला ७. दोहोंची सर्वसाधारण पातळी १०. आईबाप बुचकळ्यात पडतात. शिक्षक म्हणतात, ‘डोके आहे, पण पोरगा आळशी.’ शेजारी म्हणतात, ‘चाचणीच खोटी.’ या दोन्ही निवाड्यांत घाई आहे. हा कागद कसा वाचावा हे कळायला बुद्धिमापनाचा इतिहास पाहावा लागतो. मी मानसशास्त्राचा पदवीधर नव्हे. मजुरांच्या हिशेबात आयुष्य गेलेला माणूस आहे. पण आकडा कशाकशाचा मिळून झाला हे विचारल्यावाचून त्याखाली सही करू नये, एवढे त्या हिशेबाने शिकवले आहे.

या शास्त्राचा आरंभ पॅरिसच्या आल्फ्रेड बिने यांच्यापासून धरतात. १९०३ साली त्यांनी आपल्या दोन मुलींच्या विचारपद्धतीवर ग्रंथ लिहिला. घर एक, आईबाप एक. पण एक मुलगी बारकाईने पाहणारी, तर दुसरी कल्पनेत रमणारी. म्हणजे चाचणी जन्माला येण्याआधीच तिच्या जनकाला बुद्धीचा हा असमतोल घरातच दिसला होता. पुढे शाळेत मागे पडणाऱ्या मुलांचा विचार करण्यासाठी फ्रेंच सरकारने मंडळ नेमले आणि १९०५ साली बिने व सिमाँ यांनी सोप्याकडून अवघडाकडे जाणारे ३० प्रश्न तयार केले. हेतू एकच होता : कोणत्या मुलाला वेगळ्या शिकवणीची गरज आहे ते ओळखणे. बुद्धी जन्मतःच ठरून गेलेली असते, या मताला १९०९ च्या ग्रंथात त्यांनी कडाडून विरोध केला. १९११ साली ते वारले.

त्यानंतर हत्यार तेच राहिले, पण हात बदलले. १९१२ साली जर्मनीत स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागण्याची रीत सुचवली. १९१६ साली अमेरिकेत टर्मन यांनी त्याला १०० ने गुणून बुद्ध्यंक प्रचारात आणला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यातील १७ लाखांवर माणसांना अशा चाचण्या दिल्या गेल्या. माणसे पटापट वर्गवार लावायला एक आकडा फार सोयीचा असतो. ही सोय लावणाऱ्याची असते. ज्याला लावले जाते त्याची ती असतेच असे नाही. शब्दांत पुढे आणि हातकामात मागे असलेले मूल, नेमके याच्या उलट असलेले मूल आणि दोन्हींत सारखे असलेले मूल, या तिघांचाही बुद्ध्यंक ११० येऊ शकतो. आकडा खोटा नसतो. पण त्यावरून तिघांपैकी कोणाला काय शिकवावे ते कळत नाही.

म्हणून शास्त्रज्ञांनीच हा आकडा पुन्हा फोडला. १९३८ साली थर्स्टन यांनी भाषा, संख्या, आकृती, स्मरण अशा निरनिराळ्या शक्ती मांडल्या. वेश्लर यांनी १९३९ साली प्रौढांसाठी आणि १९४९ साली मुलांसाठी जी चाचणी काढली, तिच्यात शब्दांचे व कृतीचे गुण वेगळे ठेवले. तिच्या २००३ सालच्या आवृत्तीत चार गट झाले : शब्दांची समज, आकृतींवरून विचार, ऐकलेले मनात धरून वापरण्याची शक्ती आणि कामाचा वेग. २०१४ साली गट पाच झाले. विचार खोल पण वेग वा स्मरण कमी, अशा मुलासाठी या दोन गोष्टी बाजूला ठेवून विचारशक्तीचा वेगळा निर्देशांक काढण्याचीही सोय झाली. हुशार मुलांत अशी तफावत पुष्कळदा आढळते. नुसती तफावत म्हणजे रोग नव्हे.

मराठी मुलखाचाही या इतिहासात वाटा आहे. त्या काळी मुंबई इलाख्यात असलेल्या धारवाडला डॉ. वि. वि. कामत यांनी बिनेची चाचणी कानडी व मराठी मुलांसाठी बसवली. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९४० साली निघाला. नुसत्या भाषांतराने भागणार नव्हते. कोणता प्रश्न कोणत्या वयाला जमतो, हे इथल्या मुलांवरच पडताळावे लागले. नागपूरला डॉ. मालिन यांनी १९६९ साली वेश्लरची चाचणी भारतीय मुलांसाठी सिद्ध केली. तीत शब्दांच्या सहा आणि कृतीच्या पाच कसोट्या आहेत. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली स्थापलेल्या ज्ञान प्रबोधिनीने बुद्धिमान मुलांसाठी काम उभे केले आणि बुद्धीचे अनेक पैलू मानणाऱ्या गिलफर्ड यांच्या सिद्धांताचा आधार घेतला.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. पाथर्डीचा एखादा कोयता दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यावर निघतो आणि मूल बरोबर जाते. त्याची शाळा अर्ध्यावर तुटते. सामान्य ज्ञान आणि शब्दसंग्रह या कसोट्यांत ते कमी पडले, पण ठोकळ्यांची नक्षी झटपट लावू लागले, तर त्याच्या बुद्धीविषयी बोलण्याआधी त्याच्या शाळेच्या हजेरीविषयी बोलले पाहिजे. अकोल्याच्या डोंगरातले मूल घरी वेगळी बोली बोलते. पुस्तकी मराठीतल्या प्रश्नापुढे ते गप्प बसले, तर ते मौन म्हणजे अज्ञान नव्हे. विडीकामगार बाईच्या विड्या कमी भरल्या, तर तिचा हात मंद ठरवण्याआधी पान कसले दिले होते ते विचारतात. हाच न्याय मुलालाही लावा.

शहरातल्या सुखवस्तू घरात कारणे निराळी असतात. डोळ्यांचा वा कानांचा दोष, हस्ताक्षराचा त्रास, लक्ष न टिकणे, चाचणीच्या दिवशीचा ताप किंवा भीती, यांपैकी काहीही गुण खाली ओढू शकते. कधी वाचन-लेखनाची खरीच अडचण असते. तिथे सरासरी दुहेरी घात करते : हुशारीमुळे अडचण झाकली जाते आणि अडचणीमुळे हुशारी. शाळेला दिसतो तो मधला, साधारण विद्यार्थी. मदत मिळत नाही, संधीही मिळत नाही. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना महाराष्ट्र शासनाने १९९६ साली परीक्षेत सवलती मान्य केल्या आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या अक्षमतेला देशभर मान्यता दिली. पण हक्क कागदावर आला म्हणून आपोआप घरी येत नाही, हे मजुरांना सांगायला नको आणि पालकांनीही विसरू नये.

तेव्हा माझी विनंती एवढीच. कागद हाती आला की शेवटचा आकडा पाहून घडी घालू नका. प्रत्येक कसोटीचे गुण मागा. चाचणी कोणत्या भाषेत घेतली, डोळे-कान आधी तपासले होते काय, मूल थकले होते काय, हे विचारा. दोन गुणांतली तफावत किती मुलांत आढळते तेही विचारा. नंतर शाळेत जा आणि उद्यापासून वर्गात काय बदलणार ते ठरवून घ्या : लिहायला जास्त वेळ, तोंडी उत्तराची मुभा, आणि ज्यात मूल पुढे आहे त्यात अधिक अवघड काम. शितावरून भाताची परीक्षा होते खरी. पण भात एकसारखा शिजला असेल तरच. मुलाच्या बुद्धीचे भांडे एवढ्या समान आचेवर क्वचितच असते. म्हणून एका शितावर थांबू नका. पातेल्यात तळापर्यंत पळी घाला.