मेंदूतल्या भुकेचा माग

बुटीबोरीहून नागपूरकडे निघालं की वर्धा रोडवर मिहानमध्ये एम्सच्या इमारती लागतात. खाण्याच्या विकारांवर मेंदूवाटे जे उपचार आज होऊ लागलेत, त्यांचं कूळ शोधत गेलं तर वाट दिल्लीच्या थोरल्या एम्सवरून जाते. तिथल्या शरीरक्रियाशास्त्र विभागाची घडी बसवणारे डॉ. बी. के. आनंद या घराण्याच्या मूळपुरुषांपैकी एक. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

1951 साली आनंद अमेरिकेत येल विद्यापीठात जॉन ब्रोबेक यांच्याबरोबर काम करत होते. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसचा आतला भाग दुखावला की उंदीर बेसुमार लठ्ठ होतो, हे 1940मध्येच दिसलं होतं. आनंद-ब्रोबेकांनी त्याच्या बाहेरच्या कडेचा इवलासा भाग विजेने जाळला. दोन्ही बाजूंचा भाग गेला की उंदीर खाणंच सोडायचे आणि समोर दाणे असूनही उपाशी मरायचे. एकच बाजू जाळली तर मात्र असं होत नसे. भुकेला मेंदूत ठिकाण आहे, असं तेव्हा वाटलं.

पण तीनच वर्षांत टायटलबॉम आणि स्टेलर या संशोधकांनी अशाच उंदरांना मरू दिलं नाही. नळीने पोटात अन्न घालून त्यांनी ते जगवले. काही दिवसांनी उंदीर आधी चॉकलेट, दूध असं चवीचं, ओलसर खाणं चाटू लागले, मग हळूहळू साधं खाणंही घेऊ लागले. या साऱ्या इतिहासात मला हा प्रयोग सर्वांत मोलाचा वाटतो. जाळलेला भाग परत आला नव्हता, तरी जगवत ठेवलेला जीव पुन्हा खायला लागला. आजही अ‍ॅनोरेक्सियाच्या, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं टाळण्याच्या विकाराच्या, रुग्णाला आधी पोषण देऊन सावरावं लागतं. बाकीचे उपचार त्याच्या जोडीने चालतात.

माणसांच्या बाबतीत मात्र घाई झाली. 1970च्या दशकात डेन्मार्कमध्ये काही लठ्ठ रुग्णांच्या मेंदूतला तोच भाग जाळून पाहिला गेला. वजन उतरलं, पण ती घट टिकली नाही.

पुढे दोन साधनं आली, आणि मेंदू न जाळता त्याचं काम बदलता येऊ लागलं. 1985मध्ये इंग्लंडच्या शेफील्डमध्ये अँथनी बार्कर यांनी डोक्यावर धरलेल्या चुंबकीय वेटोळ्याने बाहेरूनच मेंदू चेतवला. 1987मध्ये फ्रान्सच्या ग्रेनोबलमध्ये बेनाबिद यांनी कंपवातासाठी मेंदूत बारीक तार बसवून सतत वीज देण्याची रीत आणली.

ही साधनं खाण्याच्या विकारांकडे वळली तेव्हा भुकेचं ठिकाण बाजूला पडलं. आपल्या विदर्भात अजून ‘पोट्टी जेवत नाही’ म्हटलं की कुणी दृष्ट काढतं, कुणी नखरे म्हणून रागावतं. पण अ‍ॅनोरेक्सियात भूक बहुतेकदा मेलेली नसते. वजन वाढण्याची भीती तिला दाबून धरते. म्हणून डॉक्टरांनी भीती, उदासी आणि स्वतःवरचा ताबा सांभाळणाऱ्या भागांवर नेम धरला. टोरांटोत आंद्रेस लोझानो यांच्या चमूने उदासीशी जोडलेल्या भागात तारा बसवल्या, 2013च्या अहवालात 6 आणि 2017च्या अहवालात 16 रुग्णांना. वर्षभरात सरासरी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सुमारे 13.8वरून 17.3वर गेला. दोघांनी मात्र यंत्र काढून किंवा बंद करून मागितलं. लंडनच्या किंग्ज कॉलेजने 34 रुग्णांवर चुंबकीय उपचाराच्या 20 बैठकांची चाचणी घेतली. तिथे वजनापेक्षा मन जास्त सावरलं. संख्या इतकी थोडी असताना याला रामबाण म्हणून विकणं मला क्रूर वाटतं.

महाराष्ट्रात तारेचा हा मार्ग उदासीच्या आजारासाठी उघडला आहे. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी 2023मध्ये अशी शस्त्रक्रिया केली, तीही राज्य मानसिक आरोग्य मंडळाच्या परवानगीने. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार मनोविकारासाठी मेंदूवर शस्त्रक्रिया करायची तर मंडळाची मंजुरी लागते आणि रुग्णाची स्वतःची, समजून दिलेली संमती लागते. अ‍ॅनोरेक्सियात इथेच खरी अडचण उभी राहते, कारण हाडं दिसू लागली तरी ‘मला काहीच झालेलं नाही’ हे रुग्ण अगदी मनापासून सांगत असतो.