संमतिवयाचा वाद आणि दोन तट

सार्वजनिक चर्चेत दोन तट पडण्याची प्रक्रिया आजच्या समाजमाध्यमांहून जुनी आहे. संमतिवयाच्या विधेयकावरील वाद हे तिचे उद्‌बोधक उदाहरण होय.

टिळक व आगरकर १८८२ साली कोल्हापूर प्रकरणी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते. पुढे मतभेद वाढून आगरकरांनी १८८७ मध्ये 'केसरी'चे संपादकत्व सोडले व १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. कलकत्त्यातील फुलमणीच्या मृत्यूनंतर सरकारने संमतिवय १० वरून १२ वर नेण्याचे योजिले, तेव्हा ही दोन पत्रे परस्परांसमोर उभी ठाकली.

वस्तुतः मुलींचा विवाह १६ वर्षांपूर्वी करू नये, ही अट १८९० साली टिळकांनीच सुधारकांपुढे ठेवली होती. मात्र ती त्यांनी स्वतःच्या आचरणाने पाळावी, परकीय सरकारने कायदा लादू नये, असे त्यांचे म्हणणे. पुढे त्यांनी शास्त्राचाही आधार घेतला. आगरकरांना कायद्याचे साहाय्य आवश्यक वाटे. भेद मुख्यतः साधनाचा होता. 'सुधारक' व 'सनातनी' या संज्ञांनी तो झाकला. 'उपाय कोणता?' या प्रश्नाची जागा 'तुम्ही कोणत्या पक्षाचे?' या प्रश्नाने घेतली आणि मूळ विषय असलेली बालवधू मागे पडली.

१९ मार्च १८९१ रोजी कायदा संमत झाला, पण तट टिकले. १८९५ च्या पुणे काँग्रेसच्या वेळी सामाजिक परिषद काँग्रेसच्या मंडपाबाहेर भरवावी लागली.

आजच्या माध्यमांनी वेग वाढविला आहे. नावाने मत झाकण्याची रीत तीच आहे. म्हणून तटांची गणती करण्यापूर्वी, त्या नावांखाली कोणती मते दडली आहेत हे अभ्यासकाने पाहणे अगत्याचे आहे.